वेताळाच्या वाचकाला वेताळ होता येतं का?

प्रश्न : मी काळाचौकीत, अभ्युदयनगरात लहानाचा मोठा झालो. बाबांनी जपून ठेवलेली इंद्रजाल कॉमिक्स वाचतच वाढलो. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, बहादूर सगळे तोंडपाठ आहेत. आता कॉलेजच्या एकांकिकांत काम करतो आणि एकदा तरी मुखवटा चढवून पडद्यावर यावं असं मनापासून वाटतं. लहानपणी कॉमिक्सचं वेड असलेल्या नटांनी मोठेपणी सुपरहिरोच्या भूमिका मिळवल्या, असं मुलाखतींतून वाचायला मिळतं. त्यात खरं किती? वेड असलं की भूमिका मिळते का? आणि मराठी माणसात, आपल्या गिरणगावात असं कधी कुणी केलंय का?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं एका वाक्यात द्यायची तर अशी : गोष्टी बहुतांशी खऱ्या आहेत, नुसत्या वेडावर भूमिका मिळत नाही, आणि गिरणगावात हे घडलंय, तेही सुपरमॅन जन्माला येण्याच्या आधी. आता सविस्तर सांगतो.

वेड कुठवर जाऊ शकतं, हे पाहायचं तर निकोलस केजपासून सुरुवात करावी. त्याचं मूळ आडनाव कोपोला. 'गॉडफादर'चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला त्याचे काका. काकांच्या नावावर कामं मिळतात असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने आडनाव बदललं आणि नवं आडनाव घेतलं मार्व्हलच्या ल्यूक केज या नायकाचं. मुलाचं नाव ठेवलं काल-एल, म्हणजे सुपरमॅनचं जन्मनाव. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा अवतरला, त्या 1938च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत त्याच्या संग्रही होती. ती 2000 साली चोरीला गेली, 2011मध्ये सापडली आणि त्याच वर्षी लिलावात वीस लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. इतकं वेड असलेल्या या नटाची 1990च्या दशकात टिम बर्टनच्या सुपरमॅनपटासाठी निवडही झाली होती. पोशाखाच्या चाचण्याही झाल्या. पण 1998 साली तो चित्रपटच बारगळला. पुढे 2007मध्ये त्याला 'घोस्ट रायडर' मिळाला. त्याच पात्राचं चित्र त्याने दंडावर आधीच गोंदवून घेतलं होतं, ते चित्रीकरणासाठी रंगाखाली झाकावं लागलं. सुपरमॅनच्या वेषात तो प्रेक्षकांना दिसला 2023च्या 'द फ्लॅश'मध्ये, तेही काही क्षण. म्हणजे वेड अस्सल, कीर्ती जगभर, घराणं सिनेमाचं, तरी ती एक भूमिका पाव शतक हुलकावणी देत राहिली.

रायन रेनॉल्ड्सचं उदाहरण यापेक्षा जास्त शिकवणारं आहे. 2004च्या एका कॉमिकमध्ये डेडपूल आपल्या चेहऱ्याचं वर्णन करताना चक्क रेनॉल्ड्सचं नाव घेतो. रेनॉल्ड्सने ही भूमिका डोक्यात पक्की धरली. 2009मध्ये 'वुल्व्हरिन'च्या चित्रपटात ती मिळाली, पण तिथे या वाचाळ पात्राचं तोंडच शिवून टाकलेलं होतं आणि वाचक नाराज झाले. मग 2012च्या सुमारास चाचणीसाठी काही मिनिटांचं चित्रण करून घेतलं गेलं. स्टुडिओने ते बाजूला ठेवलं. 2014मध्ये ते बाहेर फुटलं, लोकांनी उचलून धरलं आणि 2016 साली चित्रपट आला. कॉमिकमधल्या त्या उल्लेखापासून बारा वर्षं गेली. या काळात रेनॉल्ड्सने आशा सोडली नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या खेपेला पात्राचा स्वभाव कुणाला बदलू दिला नाही.

सॅम्युएल जॅक्सन जुना कॉमिक्सवाचक. 2002 साली मार्व्हलच्या 'द अल्टिमेट्स'मध्ये निक फ्युरी हे पात्र हुबेहूब त्याच्यासारखं काढलेलं निघालं. त्याने विचारणा केली, कंपनीने पुढे चित्रपट निघाले तर भूमिका तुझीच असं कबूल केलं आणि 2008च्या 'आयर्न मॅन'मध्ये तो एका डोळ्यावर पट्टी बांधून उभा राहिला. ही गोष्ट खरी आहे, पण तोवर जॅक्सन जगप्रसिद्ध होता हे विसरून चालणार नाही.

तुमच्या वयाच्या आणि परिस्थितीच्या जवळची दोन नावं आहेत. पहिलं सिमू लिऊचं. चीनमध्ये जन्मून कॅनडात वाढलेला हा मुलगा हिशेबनिसाची नोकरी करत होता. 2012 साली ती गेली. मग जाहिरातींसाठी छायाचित्रं, स्टंटची कामं, छोट्या भूमिका असं करत करत तो एका कौटुंबिक विनोदी मालिकेपर्यंत पोचला. डिसेंबर 2018मध्ये त्याने ट्विटरवर मार्व्हललाच जाहीरपणे विचारलं, 'शांग-ची'बद्दल आपण बोलायचं का? जुलै 2019मध्ये त्याची निवड जाहीर झाली. लोकांच्या लक्षात ते ट्विट राहिलं. त्याआधीची सहा वर्षं आणि त्यानंतरची रीतसर चाचणी मात्र कुणी सांगत नाही.

दुसरं नाव इमान वेल्लानीचं. कराचीत जन्मलेली, टोरंटोजवळच्या उपनगरात वाढलेली शाळकरी मुलगी. कमला खान या 'मिस मार्व्हल'ची कॉमिक्स तिने वेड्यासारखी वाचली होती. निवडीची सूचना तिच्यापर्यंत पोचली ती तिच्या एका नातेवाईक बाईंनी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलल्यामुळे. 2020मध्ये निवड झाली, 2022मध्ये मालिका आली. पुढे 2023मध्ये तिने सहलेखिका म्हणून त्याच पात्राचं कॉमिक लिहिलं. वाचक ते नटी आणि नटी ते लेखिका, असा पूर्ण प्रवास इतक्या कोवळ्या वयात क्वचितच कुणाचा झाला असेल.

आता उलट बाजू. ह्यू जॅकमनला 'वुल्व्हरिन' मिळाला तेव्हा त्याने ती कॉमिक्स वाचलेली नव्हती. मुळात भूमिका ठरली होती डगरे स्कॉट या नटाची. त्याच्या दुसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण लांबलं म्हणून जागा रिकामी झाली आणि रंगभूमीवर गाऊन-नाचून तयार झालेला जॅकमन आत आला. 2000 सालच्या त्या पहिल्या चित्रपटापासून आजवर लोक वुल्व्हरिन म्हणजे जॅकमन असंच मानतात. म्हणजे वेड नसलं तरी भूमिका मिळू शकते आणि ती उत्तम वठूही शकते.

मग वेडाचा उपयोग काय? माझ्या मते तो दोन ठिकाणी होतो. एक, वाट पाहण्याची ताकद वेडातून येते. जिथे निर्णय दहा-दहा वर्षं लांबतात, तिथे नुसता पैशासाठी थांबलेला माणूस निघून जातो. दोन, पात्र कसं चालेल, कसं बोलेल, काय कधीच करणार नाही, हे वेड्या वाचकाला कुणी शिकवावं लागत नाही. निवड मात्र वेड पाहून होत नाही. या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात. मार्व्हल 2009 पासून डिस्नेच्या मालकीची आहे, सुपरमॅन आणि बॅटमॅनचे हक्क वॉर्नरच्या घरातले. कोणतं पात्र कधी काढायचं हे ती मंडळी ठरवतात. नट कितीही मोठा असो, त्याच्या हातात फक्त तयार राहणं असतं.

म्हणूनच तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अशा तयार पात्रांची मालकी सांगणाऱ्या बलाढ्य कंपन्या नव्हत्या. त्यामुळे आपल्या वेड्यांनी भूमिका मागत बसण्याऐवजी नायकच घडवले. आणि त्याची सुरुवात तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली.

परळला राजकमल कलामंदिर स्टुडिओ आहे. व्ही. शांतारामांनी तो 1942 साली सुरू केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी त्या जागेत वाडिया मूव्हीटोन होती. जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी 1933 साली ती घराण्याच्या लवजी कॅसल या वास्तूत उभी केली. थोरले वाडिया साहित्य आणि कायदा शिकलेले. पण मन गुंतलेलं अमेरिकन साहसपटांत, विशेषतः डग्लस फेअरबँक्सच्या 'मार्क ऑफ झोरो'मध्ये : दिवसा ऐषारामी उमराव, रात्री मुखवटा घातलेला गोरगरिबांचा कैवारी. हीच कल्पना घेऊन होमी वाडियांनी 1935 साली 'हंटरवाली' काढला आणि मुखवटा चढवला एका स्त्रीच्या चेहऱ्यावर. राजकन्या माधुरी चाबूक हातात घेऊन, घोड्यावर स्वार होऊन जुलमी वजिराला धडा शिकवते. ती भूमिका केली नाडियाने. मूळ नाव मेरी इव्हान्स. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली, लहानपणीच मुंबईत आलेली, नाच आणि सर्कशीत तयार झालेली ही बाई उड्या, मारामाऱ्या स्वतःच करायची.

तारखा नीट पाहा. वेताळाची चित्रपट्टी अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली फेब्रुवारी 1936मध्ये. सुपरमॅन आला 1938मध्ये, बॅटमॅन 1939मध्ये. परळची हंटरवाली या तिघांच्याही आधीची. आणि बॅटमॅनच्या निर्मात्यांनाही झोरोनेच प्रेरणा दिली होती. एकाच वेडाला न्यूयॉर्कमध्ये कागदावर आणि परळमध्ये पडद्यावर फळ आलं, असं म्हणायला काहीच हरकत नाही. हा इतिहास आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवा, असं मला फार वाटतं.

नाडियाच्या आधी आपल्याकडे मास्टर विठ्ठल होता. मूकपटांच्या काळात तलवारबाजी आणि उड्यांनी त्याने असं नाव काढलं की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलमआरा' लागला, त्या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक तोच.

पण तुमच्या पत्रातली तळमळ वाचताना मला सर्वांत जास्त आठवले ते भगवानदादा पालव. वडील गिरणी कामगार, वाढ परळ-दादरच्या चाळीवस्तीतली, पोटासाठी मजुरी केलेली. शिक्षण बेताचं आणि वेड एकच : सिनेमा. मूकपटांत छोट्या भूमिकांनी सुरुवात करून, चित्रपट तयार होतो कसा हे पाहत पाहत ते शिकले आणि 1930च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच कमी खर्चातले स्टंटपट काढू लागले. त्यांचा प्रेक्षक होता गिरणीतून सुटलेला कामगार. त्याला काय आवडतं हे भगवानदादांना कुणाला विचारावं लागत नव्हतं, कारण ते त्याच्याच घरातले होते. 'अलबेला' 1951मध्ये आला. त्यातल्या नाचामुळे ते अजरामर झाले, पण त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं मारधाडीच्या चित्रपटांची होती. कामगार वस्तीतला पोरगा पडद्यावर नायक होऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तेव्हाच देऊन ठेवलं आहे.

आता तुमच्या बाबांच्या इंद्रजालकडे वळू. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964मध्ये ही मालिका वेताळापासून सुरू केली. मराठीसह अनेक भाषांत ती निघाली आणि 1990 साली बंद पडली. 1976मध्ये आबिद सुरती यांनी तिच्यासाठी 'बहादूर' हा अस्सल देशी नायक लिहिला. या पानांवर एक अख्खी पिढी वाढली. त्यात एक गमतीशीर उलटा प्रवासही घडला. 1983 साली इंडिया बुक हाउसने अमिताभ बच्चनलाच 'सुप्रीमो' नावाचा कॉमिक-नायक केलं. त्याची चित्रं काढली होती प्रताप मुळीक यांनी, ज्यांनी पुढे नागराज हा कॉमिक-नायकही चितारला. म्हणजे इथे नटामागे कॉमिक धावत आलं.

त्यानंतर मुंबईतच दोन मोठ्या घटना घडल्या, दोन्ही दूरदर्शनवर. 'महाभारत'मध्ये भीष्म केलेल्या मुकेश खन्ना यांनी भीष्माच्याच नावाची निर्मितिसंस्था काढली आणि 13 सप्टेंबर 1997 रोजी 'शक्तिमान' सुरू केला. मालिका 2005 पर्यंत चालली. मुद्दाम लक्षात घ्या : ते निर्माते होते म्हणूनच नायक होऊ शकले. कुणी त्यांना भूमिका देऊ केली नव्हती. पुढच्याच वर्षी, 1998मध्ये, केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. नायक होता दादरच्या शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण, जलतरणातला राष्ट्रीय विजेता. मराठी मुलगा अंतराळवीराच्या वेषात शोभतो हे त्याने दाखवलं, आणि त्यामागे लहानपणापासून पोहण्याच्या तलावात कमावलेलं शरीर होतं.

मराठी सिनेमात 6 फेब्रुवारी 2015 रोजी 'बाजी' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निखिल महाजन, मुखवटाधारी घोडेस्वार श्रेयस तळपदे, समोर खलनायक जितेंद्र जोशी. परदेशी पोशाख न आणता गावच्या दंतकथेतून सुपरहिरो उभा करायचा, हा त्याचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पुढे याच दिग्दर्शकाला 'गोदावरी'साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साहसकथा करू पाहणारा माणूस गंभीर सिनेमातही कमी पडत नाही, हेही यातून दिसलं.

वाचलेल्या नायकाला पडद्यावर आणण्याची मराठीतली सर्वांत लाडकी गोष्ट अर्थात फास्टर फेणेची. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने साकारला आणि 2017च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघने. निर्मितीत रितेश देशमुख होता. अमेय आला पुण्याच्या महाविद्यालयीन एकांकिकांतून आणि नाटक कंपनीच्या प्रयोगांतून, म्हणजे आज तुम्ही ज्या वाटेवर आहात त्याच वाटेने. फेणेला अंगात बळ नाही, उडता येत नाही. त्याच्याकडे सायकल, धाडस आणि चौकस डोकं आहे. मराठी वाचकाने घरातला म्हणून स्वीकारलेला नायक हा असा आहे. आणि चित्रपट्टीतूनच थेट आलेला नायक हवा असेल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आहेच. 1991पासून वृत्तपत्रात भेटणारा हा मुलगा 2012 आणि 2013मध्ये श्रीरंग गोडबोले यांच्या चित्रपटांतून पडद्यावर आला.

अलीकडचं एक उदाहरण तुमच्या शेजारच्या माटुंग्याचं. तिथे वाढलेल्या वासन बाला यांनी 'मर्द को दर्द नहीं होता' काढला. नायकाला वेदना जाणवत नाहीत आणि तो व्हिडिओ कॅसेटवरचे मारधाडीचे सिनेमे पाहून लढायला शिकतो. वेड्या प्रेक्षकालाच त्यांनी नायक केलं. 2018मध्ये टोरंटोच्या महोत्सवात, मध्यरात्रीच्या विभागात, प्रेक्षकांनी त्याला पहिला पुरस्कार दिला. त्यातला पदार्पण करणारा नट अभिमन्यू दसानी हा सांगलीच्या पटवर्धन घराण्यातल्या अभिनेत्री भाग्यश्रीचा मुलगा.

आणि स्पायडरमॅन? त्याचा एक अवतार मुंबईचाच आहे. 2004मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 'स्पायडरमॅन इंडिया' हे कॉमिक काढलं. पवित्र प्रभाकर नावाचा खेड्यातला मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. 2023च्या 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तो जगभर पोचला आणि भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत लागला. म्हणजे मराठी बोलणाऱ्या नटांना आवाजाच्या खोलीतून या दुनियेत शिरायची वाट उघडली आहे. ती कमी मानू नका. टायगर श्रॉफने 2016मध्ये हिंदीत स्पायडरमॅनला आवाज दिला होता. श्रेयस तळपदेने 'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत आवाजाच्या जोरावर देश जिंकला.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

शरीर आजपासून तयार करा, आणि त्यासाठी नुसत्या जिमवर विसंबू नका. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात. उदय देशपांडे यांना त्याच कामासाठी 2024 साली पद्मश्री मिळाली. तोल, पकड, हवेत फिरताना श्वासावर ताबा, हे सगळं तिथे मिळतं, आणि मुखवट्यामागे चेहरा झाकला गेला की नटाकडे शरीराशिवाय दुसरं काय उरतं?

आवाज कमवा. मुखवटा डोळे आणि ओठांच्या हालचाली खाऊन टाकतो. मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची शिस्त एकांकिकेत मिळते. कामगार कल्याण मंडळाच्या आणि इतर नाट्यस्पर्धा सोडू नका.

वाचन वाढवा. इंद्रजाल पाठ आहे, उत्तम. आता नाथमाधव, बाबूराव अर्नाळकर, भा. रा. भागवत वाचा. आपल्या मातीतले मुखवटे, दुहेरी आयुष्य जगणारे नायक, धनंजय-छोटूसारखे शोध घेणारे गडी तिथे भेटतील. अर्नाळकरांचा काळा पहाड कुठल्याही परदेशी मुखवट्याच्या तोडीचा आहे.

आणि शेवटचं, माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं : भूमिकेची वाट पाहत बसू नका. लिहिणारे आणि चित्रं काढणारे मित्र जमवा. काळाचौकीचा एक नायक स्वतः घडवा. त्याच्या भागात बंद गिरण्या असतील, गणपतीच्या मूर्तिशाळा असतील, पुनर्विकासाच्या नोटिसा असतील, रात्रपाळी करून परतणारी आई असेल. त्याची लढाई कुणाशी आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती पंधरा मिनिटांची एकांकिका होऊ द्या, नाहीतर मोबाइलवर चित्रित केलेली छोटी फिल्म. वाडिया, भगवानदादा आणि मुकेश खन्ना यांनी आपापल्या काळात नेमकं हेच केलं. निकोलस केज सुपरमॅनची वाट पाहत राहिला, कारण सुपरमॅन दुसऱ्याच्या मालकीचा होता. तुमच्या नायकाचे हक्क तुमच्याकडेच असतील. तो रंगमंचावर आला की मला नक्की कळवा. पहिल्या प्रयोगाला मी तिकीट काढून येईन.